ओट्यावरून पाटावर

अहिल्यानगरच्या आडते बाजारात आणि दाळमंडईत पिढ्यान्‌पिढ्या धान्याचा व्यापार करणारी घराणी आजही आहेत. अशा घरातील आजोबा मूठभर ज्वारी तळहातावर घेतात, बोटाने चाळवतात, एखादा दाणा दाताखाली धरतात आणि माल किती वाळला आहे, किती टिकेल, हे सांगून मोकळे होतात. हे ज्ञान त्यांना पुस्तकाने दिलेले नसते. ते बोटांत साठलेले असते. त्याच घरातील अडीच वर्षांच्या नातवाला मात्र ज्वारी कोणती आणि बाजरी कोणती, हे ठाऊक नसते. मोबाइलच्या पडद्यावरील चित्र बोटाने पुढे सरकवण्याची कला त्याला उत्तम अवगत असते, कारण त्याचा प्रत्येक घास त्या पडद्यासमोरच भरवला जातो. ताटात काय आहे याकडे त्याचे लक्ष नसते आणि पोट कधी भरले याचेही त्याला भान नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि त्यानंतरही दिवसाकाठी एक तासाची मर्यादा ओलांडू नये, असे त्यात म्हटले आहे. सूचना योग्य आहे. परंतु कोणत्याही आईचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मोबाइल काढून घेतला, तर त्याच्या जागी काय द्यायचे? या प्रश्नाचे एक उत्तर घरातच आहे, आणि तेही स्वयंपाकघरात.

ओटा उंच झाला

दोन वर्षांच्या सुदृढ बालकाची उंची सरासरी ८६ ते ८७ सेंटिमीटर असते. त्याचे डोळे त्याहून आठ-दहा सेंटिमीटर खाली असतात. आजच्या सदनिकेतील स्वयंपाकाचा ओटा जमिनीपासून साधारणपणे पावणेतीन फूट, म्हणजे सुमारे ८४ सेंटिमीटर उंच असतो. थोडक्यात, ज्या वयात मुलाला घरातील प्रत्येक गोष्ट पाहावीशी आणि करावीशी वाटते, त्या वयात त्याला ओट्यावरचे काहीच दिसत नाही. त्याला दिसतात फक्त ओट्याखालच्या कपाटांची दारे. मग ते आईचा पदर ओढते, रडते, कडेवर घेण्याचा हट्ट धरते. त्याचा हट्ट खाऊसाठी आहे असे घरच्यांना वाटते. वस्तुतः ते काम पाहावयास मागत असते.

जुन्या वाड्यांतील स्वयंपाकघर जमिनीवर होते. चूल जमिनीलगत, पाटा-वरवंटा जमिनीवर, परात जमिनीवर, विळी जमिनीवर. दादी पाटावर बसून पीठ मळे आणि रांगणारे मूल तिच्या गुडघ्याला टेकून ते पाही. त्या रचनेत धूर होता, पाठदुखी होती आणि मुलांना भाजण्याचे धोकेही होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ओट्याने गृहिणीचे कष्ट कमी केले, ही चांगलीच गोष्ट घडली. मात्र त्याच वेळी घरातील सर्वांत लहान माणूस घरातील सर्वांत महत्त्वाच्या कामापासून दूर गेले, ही बाब कोणाच्या फारशी लक्षात आली नाही.

यावर उपाय सोपा आहे. मुलाला स्टुलावर चढवून ओट्यापाशी, म्हणजे पेटत्या गॅसजवळ नेण्याची गरज नाही. जे काम विस्तवाचे नाही, ते ओट्यावरून खाली पाटावर आणायचे. एक स्वच्छ चटई, एक परात, दोन वाट्या आणि एक पाट एवढ्या सामग्रीवर बाळाचे स्वयंपाकघर उभे राहते.

ताराबाईंनी काय दाखवले

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह सुरू केले. पाणी ओतणे, पुसणे, बटणे लावणे, ताटे मांडणे यांसारख्या रोजच्या कामांना त्यांनी शिक्षणाचा पाया मानले. मुलाला खोट्या वस्तूंपेक्षा खऱ्या, पण त्याच्या हाताला पेलतील अशा वस्तू हव्या असतात, हे त्यांचे मुख्य निरीक्षण होते. हा विचार मराठी मातीत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने ताराबाई मोडक यांच्याकडे जाते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह काम करीत असताना १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम आरंभले आणि नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ यांनी त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

या दोघींनी केलेली एक गोष्ट आजच्या पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. परदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधने खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंनाच साधने बनवले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा विचारही त्यांनी प्रत्यक्षात आणला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे देशभर पोहोचला.

आज व्यापारी घरांत नातवंडांसाठी प्लॅस्टिकचा गॅस, प्लॅस्टिकची कढई आणि प्लॅस्टिकच्या भाज्यांचे संच हौसेने आणले जातात. भातुकली ही आपली जुनी आवड आहे आणि तिचे स्थान तिने जरूर राखावे. तथापि, खरी परात आणि खरे पीठ समोर येताच मूल प्लॅस्टिकचा संच बाजूला सारते, हा अनुभव घरोघरी येतो. जे काम मोठी माणसे करतात तेच आपल्यालाही करता येते, हा आनंद खेळण्यातून मिळत नाही.

निवडणे ही पहिली यतना

जैन कुटुंबाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक, अधिक खोल बाजू आहे. ‘यतना’ हा आपल्या आचारधर्मातील मूलभूत शब्द आहे. चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे, खाणे, बोलणे, प्रत्येक क्रिया जपून करावी, ही शिकवण दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात आहे. पाठशाळेत मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की ही शिकवण त्याच्या कानावर पडते. परंतु ती त्याच्या हातांपर्यंत कशी पोहोचावी?

धान्य निवडणे, पाणी गाळणे, पीठ चाळणे, भाजी उलगडून पाहणे या आपल्या स्वयंपाकघरातील नित्य क्रिया आहेत. बाहेरच्या माणसाला त्या केवळ स्वच्छतेच्या वाटतील. आपल्या घरात त्यांचा हेतू दुहेरी असतो: खाणाऱ्याचे आरोग्य आणि सूक्ष्म जीवाचे रक्षण. हिवाळ्यात नगरच्या बाजारात मटाराच्या आणि तुरीच्या ओल्या शेंगा येतात. दादी शेंग उघडते, आतील दाणे पाहते, एखाद्या शेंगेत अळी निघाली तर ती शेंगेसह अलगद बाजूला ठेवते आणि नंतर बाहेर झाडाखाली सोडून येते. शेजारी बसलेले दोन वर्षांचे मूल हे सर्व टक लावून पाहत असते. तिसऱ्या-चौथ्या वेळी तेच ‘अळी, अळी’ म्हणून बोट दाखवते आणि तिला चिरडत नाही. अहिंसेचा एवढा प्रत्यक्ष पाठ कोणत्याही सचित्र पुस्तकात नाही.

येथे एक सामाजिक वास्तवही ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या समाजातील मुले आता शिक्षणासाठी पुणे, बंगळुरू आणि परदेशात जातात. कंदमुळे नको, सूर्यास्तापूर्वी जेवण, चातुर्मासातील नियम, हे सर्व घरी अठरा वर्षे पाळलेला मुलगा वसतिगृहात गेल्यावर वर्षभरात सगळे सोडून देतो, अशी खंत अनेक घरांत व्यक्त होते. तो धर्मापासून दुरावला, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पुष्कळदा कारण याहून साधे असते. त्याला मुगाची खिचडी लावता येत नाही. त्याच्या घरी नियम होते, पण ते नियम पाळण्याचे कौशल्य आईच्या आणि दादीच्या हातांत होते. त्याच्या वाट्याला फक्त तयार ताट आले. श्रद्धा असूनही हात रिकामे असतील, तर नियम टिकणार कसा? हे हात अठराव्या वर्षी घाईघाईने तयार होत नाहीत. त्यांची सुरुवात दुसऱ्या वर्षी पाटावर होते.

वयानुसार काम

लहान मुलाला काम देताना त्याच्या वयाचा अंदाज नेमका हवा. साधारणपणे वर्षाच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत वस्तू पकडणे मुलाला जमू लागते. दीड वर्षाच्या मुलाला ‘या भांड्यातून त्या भांड्यात’ टाकण्याचे वेड असते. त्याला लिंबे, तोंडली, वांगी नको असलेल्या घरात छोटे दुधी, अशा मोठ्या वस्तू टोपलीतून परातीत आणि परातीतून टोपलीत ठेवू द्याव्यात. भाजी धुण्याच्या भांड्यात हात घालू द्यावा. पाणी सांडेल, खाली जुने धोतर पसरून ठेवले की तो प्रश्न सुटतो.

दोन वर्षांच्या मुलाला कोथिंबिरीची पाने खुडता येतात, केळे सोलता येते, उकडलेला लाल भोपळा वाटीत चमच्याने ठेचता येतो, ताक ढवळता येते. पाणी गाळताना वस्त्राचे एक टोक त्याच्या हातात द्यावे. अडीच ते तीन वर्षांच्या मुलाला पिठाचा गोळा थापता येतो, लाडू वळण्याचा प्रयत्न करता येतो, जेवणाची ताटे मोजून मांडता येतात. दादाजींचे, पप्पांचे, मम्मीचे अशी ताटे मांडताना त्याचे पहिले अंकगणित घडते.

तीन वर्षांच्या मुलाला आणखी एक काम आवडते. पाकिटावरील हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शोधणे. अक्षरओळख नसलेले मूलही ही खूण ओळखू शकते. अंडे असलेल्या पदार्थावर ही हिरवी खूण देता येत नाही, त्यामुळे बिस्किटाच्या बाबतीत ती उपयोगी आहे. मात्र पदार्थात कांदा, लसूण वा बटाट्याची पूड आहे की नाही, हे हिरवा ठिपका सांगत नाही. ते घटकांच्या यादीत मोठ्यांनीच वाचावे लागते.

या सर्व कामांत एक पथ्य महत्त्वाचे आहे. काम छोटे असावे, खरे असावे आणि त्याला शेवट असावा. ‘मला मदत कर’ या वाक्याला मुलाच्या लेखी अर्थ नसतो. ‘ही पाच लिंबे त्या टोपलीत ठेव’ हे वाक्य त्याला पूर्ण समजते, आणि पाचवे लिंबू टोपलीत पडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते टाळ्या वाजवून आणता येत नाही.

त्याचा लाभ ताटातही दिसतो. नवीन चव स्वीकारण्यापूर्वी मुलासमोर तो पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा यावा लागतो, असे बालआहाराच्या अभ्यासकांना आढळले आहे. पहिल्या दोन वेळा तोंड फिरवले की घरचे तो पदार्थ बंद करतात. ज्या पडवळाच्या चकत्या मुलाने स्वतः परातीत मांडल्या, सोललेल्या ज्या मटाराचा वास त्याच्या बोटांना लागला, त्याची ओळख ताटात येण्यापूर्वीच झालेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांत रक्ताल्पता आढळली. बाजरीसारखे लोहयुक्त धान्य ज्या जिल्ह्यात पिकते, ज्या जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘धनशक्ती’ या अधिक लोह असलेल्या बाजरीच्या वाणाच्या निर्मितीत सहभाग आहे, त्या जिल्ह्यातील मुलांनी बाजरीचा खिचडा नाकारून बिस्किटांवर वाढावे, हे शोभणारे नाही.

जपावयाच्या गोष्टी

यतना मुलाच्या बाबतीतही पाळायला हवी. शेंगदाणा, हरभरा, मटाराचा कच्चा दाणा लहान मूल तोंडात, नाकात वा कानात घालते. श्वासनलिकेत अडकलेला एक शेंगदाणा जिवावर बेतू शकतो. म्हणून तीन वर्षांखालील मुलाने शेंग उघडावी, दाणे मात्र मोठ्यांच्या ताब्यात राहावेत. धान्य निवडण्याचे काम तीन वर्षांनंतर, मूठभर धान्य ताटात घेऊन, हाताच्या अंतरावर बसूनच करावे. पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा खावयास देऊ नये. कूट करून द्यावा.

कच्चे पीठ खेळायला द्यावे, खायला देऊ नये. दळलेले पीठ शिजलेले नसते. त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. खेळून झाल्यावर साबणाने हात धुणे हा कामाचाच भाग समजावा. गरम तेल, कुकर, मिक्सर आणि सुरी या चार गोष्टींपाशी मुलाला स्थान नाही. कढईत तळण चालू असताना मूल स्वयंपाकघरात नसावे, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा. भाजलेच, तर जखमेवर सुमारे वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू नये आणि फोड आल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

साखरेविषयीही दक्षता हवी. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकाच्या अन्नात वरून साखर घालू नये. मध आपल्याकडे वर्ज्यच आहे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, असे वैद्यकशास्त्रही स्वतंत्र कारणाने सांगते, कारण त्यातील काही जंतूंचे बीज तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष निर्माण करू शकते.

बाटी आणि नानकटाई

‘बेकिंग’ हा शब्द ऐकताच केक आणि अंडे डोळ्यांसमोर येतात. परंतु भट्टीची कला मारवाडी घराला परकी नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बाटी हे आपले घरचे बेकिंगच होय. तिला अंडे लागत नाही, खमीर लागत नाही आणि तिचा आकार लहान मुलासाठीच जणू ठरवलेला आहे. पोळी गोल लाटणे मोठ्यांनाही सहज जमत नाही. गोळा वळणे मात्र अडीच वर्षांच्या मुलाला जमते.

दोन वाट्या जाडसर गव्हाचे पीठ, पाव वाटी पातळ तूप, चिमूटभर ओवा आणि चवीपुरते मीठ एकत्र करून तूप पिठाला चोळून घ्यावे. हे चोळण्याचे काम मुलाचे. मूठ दाबल्यावर पिठाचा मुटका टिकला की मोहन पुरेसे झाले. थोडेथोडे पाणी घालून घट्ट पीठ मळावे आणि लिंबापेक्षा लहान गोळे वळावेत. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर, मध्ये एकदा उलटून, सुमारे अर्धा ते पाऊण तास भाजावे. ओव्हन नसल्यास आप्पेपात्रात झाकण ठेवून मंद आचेवर सर्व बाजूंनी भाजता येते. दोन वर्षांखालील मुलाला हीच बाटी कुस्करून, मऊ वरणात आणि तुपात कालवून द्यावी.

दोन वर्षांवरील मुलांसाठी कधीमधी नानकटाई करावी. पूर्वी सणासुदीला घरोघरी पीठ, तूप आणि साखर मोजून घेऊन बेकरीत जात आणि पत्र्याच्या डब्यात भरून नानकटाई घेऊन येत. आता तीच घरी सहज होते. अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, पाव वाटी बेसन, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी थिजलेले तूप, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि वेलचीपूड हे प्रमाण घ्यावे. प्रथम तूप आणि साखर हलके होईपर्यंत फेसावे, मग चाळलेली पिठे मिसळावीत. गोळा न वळल्यास चमचाभर तूप अधिक घालावे. मुलाने गोळे वळून अंगठ्याने दाबावेत. ओव्हनमध्ये १६० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. ओव्हनऐवजी जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, वर कडे ठेवून, झाकून दहा मिनिटे तापवावे आणि ताटली ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. गरम असताना नानकटाई मऊ लागते. गार झाल्यावर ती खुसखुशीत होते. त्यामुळे मुलाला थांबावे लागते, आणि थांबणे हाही एक धडा आहे.

येथे अंडे का लागत नाही, हेही समजून घेण्याजोगे आहे. केकमध्ये अंडे पीठ बांधते, हवा धरून ठेवते आणि ओलावा देते. नानकटाईत बांधण्याचे काम तूप करते. तुपाने पिठाचे कण वेगळे राहतात, त्यांत चिवटपणा येत नाही. म्हणूनच मुळात चिकटपणा नसलेले ज्वारीचे पीठ येथे उत्तम चालते. सोडा उष्णता लागताच वायू सोडतो आणि नानकटाईला भेगा पडून ती फुलते. अंड्याविना केक करताना दह्याच्या आंबटपणाने सोड्याला चालना देतात. मात्र द्विदल पाळणाऱ्या घरांनी अशा मिश्रणात बेसन आणि कच्चे दही एकत्र येणार नाही, याची दक्षता घ्यावी. नानकटाईत दही नसल्याने तो प्रश्न उद्भवत नाही.

वेळ कोठून आणायचा?

व्यापारी घराची खरी अडचण वेळेची असते. दुकान रात्री नऊपर्यंत उघडे आणि चूल मात्र सूर्यास्तापूर्वी बंद. संध्याकाळी पाचनंतर स्वयंपाकघरात एकच धांदल असते: दुकानात पाठवायचे डबे, सासऱ्यांचे चौविहार, मुलाचे जेवण. त्या वेळी दोन वर्षांच्या मुलाला पीठ मळू देणे कोणत्याही सुनेला शक्य नाही आणि तशी अपेक्षाही तिच्याकडून करू नये.

वेळ अन्यत्र आहे. नवकारसी करणाऱ्या घरात सूर्योदयानंतर ४८ मिनिटे कोणी काही खात नाही. चहा नाही, नाश्ता नाही, दुकान उघडलेले नाही, फोन वाजत नाही. घरातील पुरुष वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. या ४८ मिनिटांतील पंधरा मिनिटे मुलाच्या वाट्याला आली, तरी पुष्कळ झाले. त्या वयाच्या मुलाचे लक्ष याहून अधिक वेळ एका कामात राहतही नाही. दुसरा समय दुपारचा, दादी मोकळी असते तेव्हाचा. नानकटाई दुपारी तीनला भट्टीत गेली, तर पाचपर्यंत ताटात येते आणि कोणाचा नियमही मोडत नाही. तिसरा समय बाजार बंद असण्याच्या दिवसाचा, आणि तो वडिलांचा.

आपल्या घरात मुलगा पाच वर्षांचा झाला की दुकानाच्या गादीवर बसतो. वजन टाकणे, चिल्लर मोजणे, गिऱ्हाइकाशी बोलणे त्याच्या कानावर पडते. मुलगी त्याच वयात स्वयंपाकघरात रमते. दोन्ही गोष्टी चांगल्या. वाटणी मात्र चुकीची. गादीवर बसण्याचा अधिकार मुलीला आणि परातीपाशी बसण्याचा अधिकार मुलाला मिळाला पाहिजे. ज्याला वसतिगृहात खिचडी लावावी लागणार आहे, तो मुलगाच आहे. वडील स्वतः पाटावर बसून बाटी वळताना दिसले, तर हे काम बायकांचे आहे ही कल्पना मुलाच्या मनात शिरतच नाही.

खर्चाचा विचार करणाऱ्या वाचकांसाठी हिशेबही सरळ आहे. वाया जाणारे पीठ दररोज फार तर मूठभर. सांडलेले पाणी पुसण्यास पाच मिनिटे. त्या बदल्यात मूल जेवताना ताटाकडे पाहते, घास ओळखते आणि पुरे झाले की पुरे म्हणते. पुढे केव्हा तरी ते घरापासून दूर, परक्या शहरात, एका छोट्या शेगडीवर डाळ निवडून खिचडी लावेल. आवर्ती ठेवीप्रमाणे या गोष्टीतही रक्कम लहान, हप्ता नियमित आणि मुदत लांब असते. मुदतीआधी मोडण्यात लाभ नसतो.

पहिल्या दिवशीच्या बाट्या वेड्यावाकड्या होतील. एक लिंबाएवढी, एक सुपारीएवढी. लहान आधी भाजतील, मोठ्या आत कच्च्या राहतील. म्हणून दोन आकारांच्या बाट्या वेगळ्या भाजाव्यात. मुलाने वळलेली बाटी मोठ्यांनी हळूच पुन्हा वळून गोल करू नये, आणि ती मुलाच्याच ताटात टाकून मोकळेही होऊ नये. ती दादाजींना वाढावी. त्यांनी ती कोणी केली हे विचारावे, चूर करून तूप घालून खावी आणि दुसरी मागावी.